टीपॉट डोमची काळी पिशवी आणि १९२९ ची पडझड

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "अमेरिकेतला टीपॉट डोम तेल घोटाळा १९२२ चा आणि महामंदी १९२९ ची. सरकार भ्रष्ट होतं म्हणून अर्थव्यवस्था कोसळली, असं उत्तरात लिहिलं तर चालेल का?"

नाही चालणार. पण या दोन गोष्टी तुम्ही शेजारीशेजारी ठेवल्यात हे मला आवडलं. पुस्तकांत त्या दोन वेगळ्या प्रकरणांत असतात, मुलं दोन्हींच्या वेगळ्या नोट्स काढतात आणि मधला धागा सुटून जातो.

मी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली १४ इन्स्पेक्शनला. निवृत्तीनंतर बँकिंगचा इतिहास शिकवतो. इन्स्पेक्शनच्या दिवसांतला एक अनुभव आधी सांगतो, मग अमेरिकेत जाऊ. एका शाखेत कॅश मोजताना ९,२०० रुपये कमी भरले. कॅशियर तिथेच रडायला लागला. चौकशी, निलंबन, जबाब असं सगळं होऊन तीन महिन्यांत जाडजूड फाईल तयार झाली. त्याच शाखेत एका व्यापाऱ्याचं कॅश क्रेडिट खातं होतं, म्हणजे गोदामातल्या मालाच्या तारणावरचं कर्ज. दरवर्षी लिमिट वाढत गेलेली, स्टॉक स्टेटमेंट महिन्याच्या महिन्याला येणारं, विमा चालू, सह्या जागच्या जागी. मी स्वतः त्या खात्यापुढे 'नियमित' असं लिहून आलो. गोदामातला माल तोच होता, फक्त त्याची किंमत दरवर्षी फुगत गेली होती. दोन वर्षांनी खातं बुडालं आणि शाखेचा दहा वर्षांचा नफा घेऊन गेलं. त्यात चोरी कुणीच केली नव्हती. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर या दोन खात्यांमध्ये आहे. आता तपशील.

वॉरन हार्डिंग हा ओहायोतल्या मॅरियन गावचा वर्तमानपत्राचा मालक. महायुद्ध, फ्लूची साथ, संप, महागाई याला लोक विटले होते. 'आता सगळं पूर्वीसारखं करू' म्हणणाऱ्या या माणसाला १९२० च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ६० टक्के मतं मिळाली. त्याने मंत्रिमंडळात काही खरोखर वजनदार माणसं घेतली: परराष्ट्र खात्यात ह्यूज, वाणिज्य खात्यात हूवर, अर्थ खात्यात पिट्सबर्गचा बँकर अँड्र्यू मेलन. आणि त्यांच्याच पंगतीला पत्त्यांच्या अड्ड्यावरचे दोस्तही बसवले. युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी जे खातं नव्याने उघडलं होतं त्याच्या प्रमुखाने, चार्ल्स फोर्ब्सने, रुग्णालयांसाठी घेतलेला कोरा माल 'जादा साठा' म्हणून कवडीमोलाने विकला. त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. शत्रूराष्ट्रांच्या जप्त मालमत्तेचा रखवालदार थॉमस मिलरही तुरुंगात गेला. अॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारचा मुख्य कायदा अधिकारी, डॉअर्टीवर दोनदा खटला चालला आणि दोन्ही वेळा ज्यूरीचं एकमत झालं नाही. याहून जास्त यांच्यावर लिहू नका, गुण मिळत नाहीत.

टीपॉट डोमवर मात्र थांबायला हवं, कारण तो फार सुबक घोटाळा होता. युद्धनौका कोळशावरून तेलावर येत होत्या. उद्या युद्ध पेटलं तर तेल हाताशी असावं म्हणून कॅलिफोर्नियात एल्क हिल्स आणि ब्युएना व्हिस्टा, वायोमिंगमध्ये टीपॉट डोम, अशी तेलक्षेत्रं नौदलासाठी राखून ठेवली होती. तेल जमिनीतच ठेवायचं, हाच त्यातला उद्देश. ३१ मे १९२१ ला हार्डिंगच्या एका आदेशाने ही क्षेत्रं नौदलाकडून गृह खात्याकडे गेली. हे आपल्यासारखं पोलिसांचं गृह खातं नाही, तिथे या खात्याकडे सरकारी जमिनी आणि खनिजं असतात. मंत्री होते न्यू मेक्सिकोचे आल्बर्ट फॉल. एप्रिल १९२२ मध्ये त्यांनी टीपॉट डोम हॅरी सिंक्लेअरच्या कंपनीला भाडेपट्ट्याने दिलं, आणि त्याच वर्षात एल्क हिल्स एडवर्ड डोहेनीच्या. टेंडर नाही, जाहिरात नाही. कारण विचाराल तर संरक्षणाची गुप्तता. आणि दुसरं, शेजारच्या विहिरी आपलं तेल ओढून नेतात, मग आपणच काढलेलं बरं. हे दुसरं कारण अगदीच पोकळ नव्हतं, आणि घोटाळा इतके दिवस उभा राहिला तो त्यामुळेच.

फॉलसाहेबांचा पगार वर्षाला १२,००० डॉलर. न्यू मेक्सिकोत थ्री रिव्हर्सला त्यांचं मोठं रँच होतं आणि त्याचा कर कित्येक वर्षं थकलेला होता. अचानक कर भरला गेला, शेजारची जमीन घेतली गेली, कुंपणं झाली, वीज आली. सिंक्लेअरकडून गाई, एक वळू, डुकरं आणि एक जातिवंत घोडा पोचला. गावात असं काही झालं की काय बोलतात ते आपल्याला सांगायला नको. तिथेही तेच झालं. अल्बुकर्कीच्या कार्ल मगी नावाच्या संपादकाने रँच डोळ्यांनी पाहिलं होतं आणि सिनेट समितीपुढे येऊन त्याने ते सांगितलं.

चौकशी चालवली ती मोंटानाचे सिनेटर थॉमस वॉल्श यांनी. एकटा माणूस, ढीगभर कागद, आणि वर्तमानपत्रं म्हणत होती की हे राजकारण आहे. पैसे कुठून आले असं विचारल्यावर फॉलने सांगितलं की वॉशिंग्टनच्या एका वर्तमानपत्राचे मालक मॅक्लीन यांच्याकडून १ लाख डॉलर उसने घेतले. मॅक्लीनने आधी हो म्हटलं, मग वॉल्श स्वतः फ्लोरिडाला जाऊन समोर बसल्यावर नाही म्हटलं. जानेवारी १९२४ मध्ये डोहेनी आपणहून समितीपुढे आला. म्हणाला, ते १ लाख मी दिले, जुन्या मित्राला उसने. माझ्या मुलाने नोटा काळ्या पिशवीत घालून नेल्या. त्याची प्रॉमिसरी नोट, म्हणजे वचनचिठ्ठी, आहे, पण सहीचा तुकडा फाडून वेगळा ठेवला आहे, कारण मी मेलो तर मित्राच्या मागे वसुलीचा तगादा लागायला नको. आयुष्यभर मी वचनचिठ्ठ्या पाहिल्या, पण कर्जदाराच्या काळजीपोटी सही फाडून ठेवणारा धनको एकही भेटला नाही.

सिंक्लेअरचं लाचेचं काम त्याहून बारीक होतं, आणि मला ते वर्गात शिकवायला फार आवडतं. चार तेल कंपन्यांच्या प्रमुखांनी कॅनडात 'कॉन्टिनेंटल ट्रेडिंग कंपनी' नावाची एक कागदी कंपनी काढली. या कंपनीने टेक्सासच्या एका तेलमालकाकडून ३ कोटी ३३ लाख बॅरल तेल दीड डॉलर भावाने घ्यायचा करार केला आणि तेच तेल या चौघांच्याच कंपन्यांना पावणेदोन डॉलरने विकलं. बॅरलमागे २५ सेंट मधल्या मधे. म्हणजे आपल्याच भागधारकांच्या खिशात हात. व्यवहार पुरा व्हायच्या आत कंपनी गुंडाळली, तरी सुमारे ३० लाख डॉलर गोळा झाले होते आणि ते लिबर्टी बाँडमध्ये गुंतवले होते. युद्धकाळात सरकारने काढलेले हे रोखे ज्याच्या हातात त्याचे. म्हणून लाचेला सोयीचे. फक्त एक गोष्ट विसरली गेली: प्रत्येक बाँडवर नंबर असतो आणि व्याजाचं कूपन शेवटी सरकारच्याच खजिन्यात येतं. तपास करणाऱ्यांनी नंबर लावत लावत कोलोरॅडोतल्या प्वेब्लोची एक बँक गाठली, तिथे फॉलच्या जावयाने भरलेले बाँड निघाले. फॉलकडे अशा २ लाखांहून जास्त डॉलरच्या बाँडची नोंद लागली. पिशवीतले १ लाख आणि पुढची 'उसनवारी' मिळून एकूण आकडा सुमारे ४ लाख डॉलर.

आता एक तारीख लिहून ठेवा. फॉलला लाच घेतल्याबद्दल दोषी ठरवलं तो दिवस २५ ऑक्टोबर १९२९, शुक्रवार. आदल्या दिवशी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात १ कोटी २९ लाख शेअर विकले गेले होते, भाव छापणारी टिकरची पट्टी संध्याकाळी सातनंतरही मागचेच भाव छापत होती. पुढच्या सोमवार-मंगळवारी बाजार पार बसला. सिंक्लेअर तेव्हा वॉशिंग्टनच्या तुरुंगात होता, तोही लाचेबद्दल नव्हे: सिनेटला उत्तर न दिल्याबद्दल आणि ज्यूरीच्या मागे गुप्तहेर लावल्याबद्दल. तरुणपणी औषधांच्या दुकानात काम केलेलं असल्याने तुरुंगाच्या दवाखान्यात पुड्या बांधत होता. फॉलला एक वर्ष कैद आणि १ लाख डॉलर दंड. पुढच्या वर्षी डोहेनी मात्र सुटला. तीच पिशवी, तेच १ लाख, घेणाऱ्याने लाच घेतली आणि देणाऱ्याने दिली नाही! दोन वेगळ्या ज्यूरी असल्या की हे होतं.

ही झाली कॅशियरची फाईल. तिचा निकाल वाईट लागला असं मी म्हणणार नाही. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही भाडेपट्टे रद्द केले, तेल नौदलाला परत मिळालं. साक्षीदाराला समन्स पाठवून बोलावण्याचा काँग्रेसचा (म्हणजे तिथल्या संसदेचा) अधिकार त्याच वर्षी डॉअर्टीच्या भावाच्या खटल्यात पक्का झाला. एक मंत्री तुरुंगात गेला, असं त्या देशात आधी कधी झालं नव्हतं. आणि मतदारांनी काय केलं? १९२३ च्या ऑगस्टमध्ये हार्डिंग वारला, उपाध्यक्ष कूलिज अध्यक्ष झाला, आणि १९२४ ची निवडणूक त्याने आरामात जिंकली. डेमोक्रॅट पक्षाला ओरडायची सोय राहिली नव्हती, कारण त्यांचा आघाडीचा उमेदवार मॅकअडू हाच डोहेनीचा वकील निघाला.

दुसरं खातं उघडण्याआधी दोन्हीकडे पाय असलेला एक प्रसंग सांगतो. रिपब्लिकन पक्षावर १९२० च्या प्रचाराचं कर्ज होतं. पक्षाचे माजी अध्यक्ष विल हेज यांना सिंक्लेअरने ते फेडायला लिबर्टी बाँड दिले. हेजने त्यातले ५० हजारांचे अर्थमंत्री मेलनकडे पाठवले: हे ठेवून घ्या आणि तेवढीच रक्कम तुमच्या नावाने पक्षाला द्या. मेलनने बाँड परत केले आणि स्वतःच्या खिशातून ५० हजार दिले. माणूस स्वच्छ. पण वॉल्शची चौकशी जोरात असताना त्याने याबद्दल तोंड उघडलं नाही. १९२८ मध्ये विचारल्यावर सांगितलं.

हाच मेलन १९२१ ते १९३२ अर्थमंत्री होता, तीन अध्यक्षांच्या हाताखाली. त्या काळाचं धोरण समजून घ्यायचं असेल तर अध्यक्षांपेक्षा त्याच्याकडे बघा. युद्धकाळात प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर ७७ टक्क्यांपर्यंत चढला होता. तो टप्प्याटप्प्याने उतरवत त्याने १९२५ साठी २५ टक्क्यांवर आणला. त्याचं म्हणणं होतं की दर इतका चढा असला की श्रीमंत माणूस पैसा करमुक्त नगरपालिका रोख्यांत दडवतो, धंद्यात घालत नाही. यात तथ्य होतं. सरकारी तिजोरीत शिल्लक पडत राहिली आणि देशाचं कर्ज २४ अब्ज डॉलरवरून दशकभरात १६-१७ अब्जांवर आलं. मेलनला सरसकट खलनायक करणाऱ्या नोट्स फेकून द्या.

घोटाळा नव्हता, पण खातं फुगत होतं. कारखान्यातलं उत्पादन झपाट्याने वाढलं, मजुरी तेवढी वाढली नाही, आणि वरच्या थरात जमलेला पैसा जागा शोधू लागला. पहिली जागा फ्लोरिडा. तिथे १९२५ मध्ये लोक जमीन घेत नव्हते, जमिनीची 'विसार पावती' घेत होते. १० टक्के देऊन पावती घ्यायची आणि पुढचा हप्ता यायच्या आत चढ्या भावाने पुढच्याला विकायची. एकच पावती दिवसात चार हात फिरायची. आपल्याकडे रिंग रोडची आखणी जाहीर झाली की साध्या इसारपत्रावर जे चालतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको. बोस्टनला लोकांना बुडवून तुरुंग भोगून आलेला चार्ल्स पाँझीही तिथे दलदलीचे प्लॉट विकत होता. १९२६ च्या सप्टेंबरात मायामीवर चक्रीवादळ आलं, पण त्याआधीच, जुलैमध्ये, फ्लोरिडा आणि जॉर्जियातली एक बँकसाखळी कोसळली होती.

शेतीचं दुखणं तर दशकभर चाललं. युद्धात गव्हाला भाव होता तेव्हा शेतकऱ्यांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या, १९२०-२१ मध्ये भाव कोसळले, कर्ज तसंच राहिलं. अमेरिकेत बँकांना बहुतेक राज्यांत शाखा काढायला बंदी तरी होती किंवा कडक मर्यादा तरी. एक गाव, एक बँक. गावात मक्याला भाव नाही म्हणजे बँकेचे सगळे कर्जदार एकदमच अडचणीत. १९२१ ते १९२९ या 'सुबत्तेच्या' वर्षांत पाच हजारांहून जास्त बँका बुडाल्या, बहुतेक खेड्यांतल्या. शेतमालाला आधार देणारं विधेयक काँग्रेसने दोनदा मंजूर केलं, कूलिजने १९२७ आणि १९२८ मध्ये दोन्ही वेळा नाकारलं.

आता वॉल स्ट्रीट. इथे एक यंत्रणा समजून घ्या, बाकी सगळं तिच्यातून येतं. 'कॉल लोन' म्हणजे दलालाला शेअरच्या तारणावर दिलेलं, मागितल्याक्षणी परत करायचं कर्ज. समजा शेअर १०० डॉलरचा आहे. तुम्ही २५ दिलेत, ७५ दलालाने दिले, आणि दलालाने ते बँकेकडून कॉल लोनने उचलले. शेअर १४० झाला की तुमचे २५ चे ६५ होतात, म्हणजे अडीचपटीहून जास्त. शेअर ८० झाला की तुमचे फक्त ५ उरतात आणि दलालाचा फोन येतो: संध्याकाळपर्यंत मार्जिन, म्हणजे तुमच्या हिश्श्याचे आणखी पैसे, भरा. नाही भरलं तर तो शेअर विकतो. त्याच्या विक्रीने भाव आणखी पडतो आणि पुढच्या माणसाला फोन जातो. यात कुणीही बेइमान असण्याची गरज नाही.

१९२७ च्या उन्हाळ्यात फेडरल रिझर्व्हच्या (अमेरिकेची मध्यवर्ती बँक, थोडक्यात 'फेड') न्यूयॉर्क बँकेचे प्रमुख बेंजामिन स्ट्राँग यांची ब्रिटन, जर्मनी आणि फ्रान्सच्या मध्यवर्ती बँकवाल्यांशी बैठक झाली. ब्रिटनचं सोनं गळत होतं. न्यूयॉर्कचा व्याजदर उतरला तर सोनं लंडनला थांबेल, म्हणून दर ४ वरून साडेतीन टक्के केला. हेतू चांगला, परिणाम शेअर बाजारावर. १९२८ मध्ये फेडने दर वाढवत ५ वर नेला, पण तोवर कॉल लोनवर १०-१२ टक्के मिळायला लागले होते. मग पैसा सगळीकडून तिकडे धावला. बँकांचा तर होताच, मोठमोठ्या उद्योगांनीही आपली शिल्लक रक्कम कारखान्यात न घालता दलालांना व्याजाने दिली. त्यांच्यावर फेडचा काहीच ताबा नव्हता. मार्च १९२९ मध्ये फेडच्या दटावणीमुळे पैसा आखडला आणि कॉलचा दर २० टक्क्यांवर गेला, तेव्हा नॅशनल सिटी बँकेचे प्रमुख चार्ल्स मिचेल यांनी जाहीर केलं की आमची बँक अडीच कोटी डॉलर बाजारात ओतेल. हे गृहस्थ न्यूयॉर्क फेडच्या संचालक मंडळावरही होते. ज्या संस्थेने ब्रेक दाबला, तिच्याच संचालकाने अॅक्सिलरेटर दाबला, तेही उघडपणे, पेपरात सांगून.

ऑक्टोबर १९२९ च्या सुरुवातीला दलालांची कर्जं ८५० कोटी डॉलरवर होती. फॉलच्या ४ लाखांशेजारी हा आकडा लिहून बघा.

३ सप्टेंबरला शेअर बाजाराचा निर्देशांक डाऊ जोन्स ३८१ वर होता. २९ ऑक्टोबरला २३० वर आला, त्या दिवशी १ कोटी ६४ लाख शेअर विकले गेले. तरीही मी विद्यार्थ्यांना सांगतो की इथे उत्तर संपवू नका. १९३० च्या वसंतात बाजार बराच सावरला होता आणि अनेक शहाण्या लोकांना वाटलं की झालं ते झालं. १९२१ मध्येही मोठी पडझड होऊन वर्ष-दीड वर्षात गाडी रुळावर आली होती. पडझडीची महामंदी झाली ती पुढच्या तीन वर्षांतल्या निर्णयांनी.

पहिला निर्णय आयातकराचा. १९२९ मध्ये अध्यक्ष झालेल्या हूवरने शेतकऱ्यांना संरक्षण द्यायचं वचन दिलं होतं, काँग्रेसमध्ये प्रत्येक सदस्याने आपापल्या मतदारसंघाचा माल त्यात घुसवला, आणि १,०२८ अर्थतज्ज्ञांनी सही करू नका असं लिहून कळवलं असताना हूवरने १७ जून १९३० ला स्मूट-हॉली कायद्यावर सही केली. यातली एक खुबी पाठ्यपुस्तकांत सापडत नाही. बरेच आयातकर टक्क्यांत नव्हते, वजनावर होते. क्यूबाच्या साखरेवर पौंडाला २ सेंट. साखरेचा भाव १९३२ मध्ये पौंडाला १ सेंटाच्याही खाली गेला, म्हणजे कर मालाच्या किमतीच्या दुपटीहून जास्त झाला. कायद्यात एक अक्षरही न बदलता कर आपोआप चढला. कॅनडाने लगेच उलटे कर लावले, युरोपातूनही उत्तर आलं. आणि अमेरिकेचं युद्धकर्ज फेडायला युरोपला डॉलर लागत होते, ते अमेरिकेला माल विकूनच मिळणार होते!

दुसरं, बँका. डिसेंबर १९३० मध्ये न्यूयॉर्कची 'बँक ऑफ युनायटेड स्टेट्स' बंद पडली. नाव सरकारी वाटलं तरी ती साधी खासगी बँक होती, चार लाखांवर ठेवीदार, बरेचसे गरीब स्थलांतरित. शहरातल्या मोठ्या बँकांनी ती वाचवायची बोलणी ऐनवेळी सोडून दिली. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णपरिमाण, म्हणजे चलन सोन्याला बांधायची पद्धत, सोडलं, अमेरिकेतून सोनं जाऊ लागलं, आणि फेडने ऑक्टोबरमध्ये व्याजदर दीड टक्क्यावरून साडेतीनवर नेला. बुडणाऱ्या बँकांच्या गर्दीत व्याजदर दुपटीहून जास्त! सोनं वाचवण्याचा नियम तसा सांगत होता म्हणून.

त्या ब्रिटनच्या निर्णयाची लाट मुंबई बंदरातही पोचली. रुपया पौंडाला बांधलेला असल्याने रुपयात सोन्याचा भाव चढला. इकडे कापसाचे, गव्हाचे भाव पडलेले, सारा आणि सावकार मात्र तेवढेच. शेतकऱ्यांच्या घरातले दागिने सराफाकडे गेले, तिथून वितळून मुंबईला, आणि मुंबईहून जहाजाने लंडनला. पुढची काही वर्षं हा ओघ चालू राहिला.

तिसऱ्या निर्णयाची वाच्यता कुठेच होत नाही, पण बँकवाल्याला तो टोचतो. १९३२ मध्ये अंदाजपत्रकाची तूट भरायला कर वाढवले, सर्वांत वरचा प्राप्तिकर दर परत ६३ टक्के झाला, आणि त्यातच प्रत्येक चेकवर २ सेंटचा कर लावला. लोक आधीच बँकांना घाबरून पैसे काढत होते. आता चेक लिहायलाही पैसे पडायला लागल्यावर छोट्या माणसाने खातंच रिकामं केलं आणि रोकड घरात ठेवली. सरकारने त्यातून जे कमावलं त्याच्या कैक पट ठेवी बँकांतून गेल्या असाव्यात असा माझा अंदाज आहे. १९३० ते १९३३ मध्ये सुमारे ९,००० बँका बंद पडल्या, देशातला चलनपुरवठा तिसऱ्या हिश्श्याने आटला, देशाचं एकूण उत्पादन १०५ अब्ज डॉलरच्या आसपास होतं ते ५७ अब्जांवर आलं, चारातला एक कामगार बेकार झाला. ८ जुलै १९३२ ला डाऊ जोन्स ४१ वर होता.

एक भर घाला, नाहीतर परीक्षक म्हणेल की वॉल स्ट्रीट अगदीच धुतल्या तांदळासारखं दाखवलं. १९३३ मध्ये सिनेट समितीचे वकील फर्डिनांड पेकोरा यांनी बँकर्सना साक्षीला बोलावलं तेव्हा बरीच घाण निघाली. नॅशनल सिटीच्या रोखे विकणाऱ्या कंपनीने पेरू देशाचे ९ कोटी डॉलरचे रोखे सामान्य लोकांच्या गळ्यात मारले होते, आणि बँकेच्याच फायलीत आधीचे अहवाल होते की पेरूची पत चांगली नाही. इन्स्पेक्टरला असा कागद सापडला की रात्री झोप लागत नाही. पडझडीनंतर त्या बँकेने अधिकाऱ्यांना बिनतारण कर्जं दिली आणि कारकुनांच्या पगारातून चढ्या भावाच्या शेअरचे हप्ते कापणं चालूच ठेवलं. मिचेलने १९२९ मध्ये प्राप्तिकर भरलाच नव्हता, बायकोला शेअर तोट्यात 'विकून' उत्पन्न शून्य केलं होतं. फौजदारी खटल्यात तो निर्दोष सुटला. यातलं पुष्कळसं तेव्हाच्या कायद्यात बसत होतं, आणि म्हणून १९३३-३४ मध्ये कायदेच बदलावे लागले: ठेवींचा धंदा आणि रोख्यांचा धंदा वेगळा, माणशी २,५०० डॉलरपर्यंत ठेवींना विमा, शेअर बाजारावर आयोग.

उत्तरात टीपॉट डोमला एक परिच्छेद द्या आणि त्याने काय घडवलं ते लिहा: चौकशीचा अधिकार, अशा खटल्यांसाठी सरकारबाहेरचे विशेष वकील नेमायची पद्धत, आणि चोर पकडल्याने देशाला वाटलेलं समाधान. त्या समाधानाचा संबंध मंदीशी आहे असं मी मानतो. चार माणसं पकडली, घर साफ झालं, आता कारभार मेलन-हूवरसारख्या सचोटीच्या माणसांकडे आहे, मग बघायचं काय राहिलं? हे माझं मत आहे, परीक्षेत मत म्हणूनच लिहा.

वॉल्शचं काय झालं विचाराल, तर नव्याने निवडून आलेल्या अध्यक्ष रूझवेल्टने त्यांना अॅटर्नी जनरल नेमलं होतं, पण शपथविधीला निघालेले असताना २ मार्च १९३३ ला रेल्वेतच ते गेले. फॉल तुरुंगातून सुटून रँचवर परतला. काही वर्षांनी डोहेनीच्या कंपनीने त्या रँचवर जप्ती आणली आणि म्हाताऱ्या फॉलला घराबाहेर काढलं. येणं कसलं, तर काळ्या पिशवीतल्या त्या १ लाख डॉलरचं.